बाटलीतलं नत्र मोजून दाखवा

अर्ध्या लिटरची एक बाटली म्हणजे युरियाची एक गोणी, हे वाक्य गेली काही वर्षं शेतकऱ्याच्या कानावर इतक्यांदा पडलं आहे की आता त्यावर शंका घेणाराच मागासलेला ठरतो. मेळाव्यात ते ऐकू येतं, भिंतीवर रंगवलेलं दिसतं, मोबाइलवर फिरतं. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या बाजारगावात जून-जुलैमध्ये मका आणि सरकीवाले शेतकरी युरियासाठी रांगेत उभे असतात, तेव्हा हेच वाक्य जरा वेगळ्या रूपात समोर येतं. गोणी हवी असेल तर बाटलीही घ्या. याला सगळा मराठवाडा ‘लिंकिंग’ म्हणतो. खत दुकानदारालाही वरून तसाच माल आलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी भांडून फारसं काही हाती लागत नाही. भांडण त्या वाक्याशी आहे. वाक्य खरं असेल तर बाटली गळ्यात मारण्याची गरजच नाही, लोक गोणी सोडून बाटलीच मागतील. आणि खोटं असेल, तर ते खोटं आहे हे किलो-ग्रॅमच्या हिशेबात उघड म्हणायला हवं.

दावा कुणाचा आणि केव्हाचा, ते आधी पाहू. बाटलीतल्या नॅनो युरियाला फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जागा मिळाली. त्याच वर्षी इफ्कोनं तो बाजारात आणला. २८ मे २०२२ रोजी गुजरातमधल्या कलोलच्या कारखान्याचं उद्घाटन खुद्द पंतप्रधानांनी केलं आणि अर्ध्या लिटरची बाटली शेतकऱ्याची एका गोणीची गरज भागवेल, असं तिथं सांगितलं गेलं. म्हणजे ही कुण्या फिरत्या विक्रेत्याची थाप नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या खत सहकारी संस्थेचा आणि सरकारचा हा अधिकृत दावा आहे. म्हणूनच त्याचा प्रतिवादही नीट, आकडे मांडून करायला हवा.

युरियाचा रेणू फार साधा आहे. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन. कार्बनच्या एका बाजूला ऑक्सिजन, उरलेल्या दोन बाजूंना नायट्रोजनचे दोन गट. रसायनशास्त्रात या जातीच्या संयुगांना अमाइड म्हणतात आणि त्यांतलं हे अगदी साध्यांपैकी एक. अणुभारांची बेरीज करा: बारा, सोळा, अठ्ठावीस आणि चार, एकूण साठ. त्यातले अठ्ठावीस नायट्रोजनचे. अठ्ठावीस भागिले साठ म्हणजे ४६.६ टक्के. गोणीवर ‘नत्र ४६ टक्के’ लिहिलेलं असतं ते यामुळं. दहावीच्या पोराला पाटीवर करता येईल इतकं हे गणित सोपं आहे, आणि सगळा वाद त्यातच मिटतो.

गोणी ४५ किलोची. त्यात नत्र २० किलो ७०० ग्रॅम. नॅनो युरियाची पहिली बाटली ४ टक्के नत्राची, ५०० मिलीची. त्यात नत्र २० ग्रॅम. किलो आणि ग्रॅम, एवढाच फरक, पण तो हजारपटीचा आहे. पुढं ‘प्लस’ नावाची २० टक्क्यांची बाटली आली. तिच्यात १०० ग्रॅम. तरीही गोणीत तिच्या दोनशेपट नत्र आहे.

यावर प्रचारकांचं ठरलेलं उत्तर असतं, आणि ते ऐकून घेतलं पाहिजे. ते म्हणतात, गोणीतलं सगळं नत्र पिकाला कुठं मिळतं? निम्म्याहून जास्त वाया जातं, हवेत उडतं, पाण्याबरोबर जातं. बाटलीतलं मात्र पानातून थेट आत जातं. पहिला भाग खरा आहे, त्यावर पुढं बोलूच. पण तो पूर्ण मान्य करूनही हिशेब जमत नाही. समजा, गोणीतलं सत्तर टक्के नत्र वाया गेलं. उरलं ६ किलो २०० ग्रॅम. समजा, बाटलीतला कण न् कण पिकानं घेतला, एक थेंबही खाली पडला नाही, शेतात असं कधी होत नसलं तरी. मिळाले २० ग्रॅम. वाया गेल्यानंतरच्या त्या गोणीची बरोबरी करायला तीनशेदहा बाटल्या लागतील. कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या वर जात नाही. वीस ग्रॅमचे एकवीस ग्रॅम करणारं तंत्र अजून कुणी शोधलेलं नाही.

आता पिकाच्या बाजूनं पाहा. मक्याच्या दाण्यात साधारण दीड टक्का नत्र असतं. एकरी वीस क्विंटल मका निघाला तर नुसत्या दाण्याबरोबर शेतातून तीस किलोच्या आसपास नत्र बाहेर जातं. धांडा आणि पाला वेगळा. बाटलीतल्या वीस ग्रॅममध्ये किती मक्याचं नत्र भागेल? दीड किलो दाण्याचंही नाही. मोजकीच कणसं. उरलेला मका कुठून येतो? जमिनीतून येतो. आधीच्या डोसातून, शेणखतातून, मागच्या हंगामाच्या मुळ्या-पाल्यातून, मातीतल्या सेंद्रिय पदार्थातून. पीक उभं राहतं जमिनीच्या शिलकीवर आणि श्रेय घेते बाटली. मराठवाड्याच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे, माती परीक्षणाचा कागद हातात घेतलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. ती शिलक किती वर्षं पुरणार?

काहींचा दावा आणखी पुढं जातो. नॅनोमुळं झाडातली विकरं जागी होतात, म्हणून कमी नत्रात भागतं. पण प्रथिनाला नत्र लागतं ते कच्चा माल म्हणून, चावी म्हणून नाही. प्रथिनाच्या वजनातला सहावा हिस्सा नत्राचा असतो. विकर कितीही जागं झालं तरी नसलेल्या नत्राचं प्रथिन बांधू शकत नाही. सोयाबीन, तूर, मूग मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतलं नत्र मिळवतात. मका आणि सरकीकडं ती सोय नाही.

‘नॅनो’ आकाराचा मुद्दा मला सर्वांत मजेशीर वाटतो. सांगितलं जातं की कण २० ते ५० नॅनोमीटरचे आहेत, इतके बारीक की पानाच्या रंध्रातून सहज शिरतात. ऐकणारा भारावतो. पण साधा युरिया बादलीत टाकून ढवळला की काय होतं? तो विरघळतो. विरघळतो म्हणजे त्याचा एकेक रेणू सुटा होऊन पाण्यात पसरतो, आणि युरियाचा रेणू एका नॅनोमीटरहूनही लहान आहे. बादलीतल्या साध्या युरियाचा कण बाटलीतल्या नॅनो कणाहून कितीतरी बारीक असतो! शिवाय हा रेणू विद्युतभार नसलेला, म्हणून पानावरच्या मेणचट थरातून तो अमोनियम किंवा नायट्रेटपेक्षा सहज आत जातो. पानातून नत्र द्यायचं तर युरियाच द्यावा, हे कृषिशास्त्राला अनेक दशकांपासून ठाऊक आहे. दोन टक्के युरियाची फवारणी सरकीला पाते-फुलाच्या आणि बोंडं भरण्याच्या काळात करायची शिफारस जुनीच आहे, आणि पंप पाठीवर घेतलेल्या कितीतरी शेतकऱ्यांनी ती केलेली आहे.

त्याच फवारणीचा हिशेब घेऊ. एकराला सव्वाशे लिटर पाणी धरा, बाटलीसाठीही साधारण तेवढंच सांगतात. दोन टक्के म्हणजे अडीच किलो युरिया. त्यात नत्र १ किलो १५० ग्रॅम. गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे अडीच किलोचे झाले पंधरा रुपयांच्या आत. बाटलीचे सव्वादोनशे रुपये आणि नत्र वीस ग्रॅम, ‘प्लस’ असेल तर शंभर. पाणी तेवढंच, पंप तोच, मजुरी तीच. गोणीतलं नत्र किलोला तेरा रुपयांच्या आत पडतं. पहिल्या बाटलीतलं किलोला सव्वाअकरा हजारांवर जातं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? ज्याला फवारणीच करायची आहे त्यानं पंधरा रुपयांचा युरिया विरघळवावा. हा युरियाही गोणीची जागा घेत नाही, एकराला सव्वा किलोच्या आत नत्र देतो आणि तेवढंच काम करतो. फक्त तसं म्हणताना तो लाजत नाही.

इथं एक सावधगिरी सांगून ठेवतो. युरिया १३३ अंशांना वितळतो आणि कारखान्यात त्याहून जास्त तापला की त्याचे दोन रेणू जोडून बाययुरेट तयार होतं. खतात ते दीड टक्क्यापर्यंत चालतं, जमिनीतून देताना त्याचा त्रास नाही. पण लिंबूवर्गीय झाडांच्या पानांना बाययुरेट सोसत नाही, शेंडे पिवळे पडतात. जालना जिल्हा मोसंबीचा. मोसंबीवर युरिया फवारायचा तर कमी बाययुरेटचा घ्यावा. सरकी-मक्याची गोष्ट वेगळी.

आता प्रयोगांकडं. बाटलीच्या बाजूनं शेकडो ठिकाणच्या चाचण्यांचा दाखला देतात: नत्राचा अर्धा डोस कमी केला, वर बाटलीच्या दोन फवारण्या दिल्या, तरी उत्पन्न घटलं नाही. प्रश्न एवढाच की ज्या तुकड्यात अर्धा डोस कमी केला आणि बाटलीही दिली नाही, तिथं काय झालं? नुसतं पाणी फवारलं तिथं काय झालं? वीस ग्रॅमचा साधा युरिया फवारला तिथं? हे तुकडे शेजारी नसतील तर उत्पन्न बाटलीनं राखलं की जमिनीनं, हे कुणालाच सांगता येणार नाही. चांगल्या जमिनीत एखाद्या हंगामाला अर्धा डोस कमी करूनही फारसा फरक दिसत नाही, हे शेतकऱ्याला प्रयोगाशिवायही माहीत आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं भात आणि गव्हावर दोन वर्षं शेतात प्रयोग केले, तेव्हा शिफारशीच्या नत्राच्या तुलनेत नॅनो युरियाच्या तुकड्यांत भाताचं उत्पन्न सुमारे १३ टक्क्यांनी आणि गव्हाचं २१ टक्क्यांहून जास्त घटलं. दाण्यातलं प्रथिनही कमी झालं. कोपनहेगन विद्यापीठाचे मॅक्स फ्रँक आणि सोरेन हुस्टेड यांनी २०२३ मध्ये ‘प्लांट अँड सॉइल’ या नियतकालिकात या उत्पादनामागचं विज्ञानच तपासलं आणि शेतकऱ्यांची दिशाभूल होते आहे का, असा प्रश्न लेखाच्या शीर्षकातच विचारला. पंजाबची जमीन वेगळी, पिकं वेगळी, हे कबूल. मग मराठवाड्यात, आपल्या काळ्या जमिनीत, आपल्या मक्यावर नीट चौकटीत केलेले प्रयोग दाखवा. जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते, शंका घेणाऱ्यावर नाही.

अलीकडं भाषा बदलली आहे. ‘पर्याय’ मागं पडला आणि ‘पूरक’ पुढं आला. पेरणीचा डोस जमिनीतूनच द्या, बाटली फक्त वरच्या हप्त्यासाठी, असं आता सांगतात. ही माघार आहे, आणि माघार घेणाऱ्यानं पहिला दावा मागं घेतल्याचंही स्पष्ट सांगायला हवं. ते कुणी सांगत नाही. भिंतीवरचं वाक्य तसंच आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून अनुदानित खताबरोबर नॅनो खतं आणि जैवउत्तेजकं सक्तीनं विकणं थांबवा असं बजावलं. लिंकिंग नाहीच म्हणणाऱ्यांनी हे पत्र कशासाठी लिहावं लागलं ते सांगावं.

बाटलीवाल्यांना आयती मदत होते ती दुसऱ्याच एका गटाकडून. युरिया हे विष आहे, युरियानं जमिनी मेल्या, असं सांगणाऱ्यांकडून. हे लोक बहुतेक वेळा प्रामाणिक असतात, आणि म्हणूनच त्यांचं चुकलेलं जास्त पसरतं. जो रेणू आपलं स्वतःचं यकृत रोज तयार करतं आणि मूत्रपिंड बाहेर टाकतं, तो विष कसा? १७७३ मध्ये रुएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं तो मूत्रातूनच वेगळा केला होता. १८२८ मध्ये जर्मनीत वोलरनं तो प्रयोगशाळेत बनवला आणि सजीवाच्या शरीरात तयार होणारा पदार्थ शरीराबाहेर बनूच शकत नाही, या समजुतीला तडा गेला. जनावराच्या गोठ्यातून येणारा तो झोंबरा वास याच रेणूचा अमोनिया झाल्याचा असतो. गोमूत्रातला युरिया अमृत आणि अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातला युरिया विष, असा भेद मुळाला करता येत नाही, कारण रेणू एकच आहे. मात्रा मात्र महत्त्वाची. युरिया कालवलेली बादली बैल किंवा गाय प्यायली तर ती दगावते, आणि अशी जनावरं गावागावांत गेलेली आहेत. फवारणीची बादली उघडी ठेवू नये, हे सांगायला विषाचा डंका पिटण्याची गरज नाही.

जमीन आम्लधर्मी होते, हा आरोपही काळ्या जमिनीत सरळ लागू पडत नाही. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, हे खरं, आणि कोकणातल्या किंवा आसामातल्या जमिनीत त्याची चिंता करायलाच हवी. पण भोकरदन-जाफराबादकडची काळी जमीन चुनखडीची, मुळातच विम्ल. ते आम्ल तिथला चुना झेलतो. इथला प्रश्न नेमका उलटा आहे, आणि तो कुणी सांगत नाही म्हणून मला राग येतो.

युरिया जमिनीवर फेकला की मातीतलं युरिएज नावाचं विकर त्याच्यावर तुटून पडतं. हे तेच विकर, जे १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी घेवड्यासारख्या एका पिकाच्या बियांतून स्फटिकरूपात मिळवलं आणि पुढं १९४६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ओल असेल आणि ऊन असेल तर काही दिवसांत युरियाचा अमोनिया होतो. दाण्याभोवतीची माती तेवढ्यापुरती आणखी विम्ल होते, आणि विम्ल मातीत अमोनियम टिकत नाही, वायू होऊन उडतं. पेरलेल्या रानात रिमझिम पडून गेली, वरची माती ओली झाली, शेतकऱ्यानं मूठ-मूठ युरिया फेकला आणि पुढं आठ दिवस ऊन पडलं, तर त्याच्या पैशातला मोठा हिस्सा हवेत गेला. तोच युरिया दोन-तीन इंच मातीआड गेला तर अमोनियम चिकणमातीच्या कणांना धरून बसतं. काळ्या मातीची धरून ठेवण्याची ताकद मोठी आहे, पण आपण तिला ती वापरूच देत नाही. फेकल्यावर लगेच कोळपं फिरवलं तरी फरक पडतो. ठिबक असेल तर प्रश्नच मिटतो, युरिया पाण्यात इतका सहज विरघळतो की शंभर मिली पाण्यात शंभर ग्रॅमहून जास्त मावतो. उलट शेतात पाणी तुंबलेलं असताना युरिया दिला तर काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नत्र पुन्हा हवेत. वापसा येईपर्यंत थांबायला हवं.

आणि कडुलिंब? २०१५ पासून देशातला सगळा युरिया कडुलिंब-लेपित आहे. गोणीवर कडुलिंब लिहिलंय म्हणजे युरिया उडणार नाही, अशी समजूत आहे. ती चूक आहे. कडुलिंबाचा लेप पुढच्या पायरीला, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट होण्याला उशीर लावतो. अमोनिया होऊन उडण्याची पहिली पायरी तो फारशी अडवत नाही. त्या लेपाचा दुसरा उपयोग म्हणजे अनुदानाचा युरिया प्लायवूडच्या डिंकासाठी पळवणं जरा अवघड झालं. पण फेकलेल्या युरियाला मातीचंच पांघरूण लागतं.

हे सगळं गोणी नीट वापरण्याबद्दल आहे. युरियाचा अतिरेक होतोच, ते मी नाकारत नाही. सरकी हिरवीगार करायच्या नादात डोसावर डोस दिला की तुडतुडे आणि मावा आयताच येतो, पऱ्हाटी नुसती वाढते आणि बोंडं लांबतात. पण तो अतिरेक का होतो? एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशच्या खतांचं अनुदान घटकांवर ठरू लागलं, त्यांचे भाव वाढू दिले आणि युरियाला त्यातून बाहेर ठेवलं. आज डीएपीची पन्नास किलोची गोणी १३५० रुपयांना आणि युरियाची पंचेचाळीस किलोची २६६ रुपयांना. हातात हजार रुपये असलेला कोरडवाहू शेतकरी काय उचलणार? त्याला अडाणी ठरवून बाटली पकडवण्यापेक्षा हा भावाचा पोरखेळ मिटवा. अनुदान वाचवायचं असेल तर तेवढं उघड म्हणा, तोही वाजवी मुद्दा आहे. सरकारी तिजोरीचा प्रश्न वनस्पतिशास्त्र म्हणून विकू नका.

प्रयोगाचं काम अवघड नाही. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. हसनाबादच्या शिवारात मक्याच्या एकाच तुकड्याच्या पाच पट्ट्या पाडा, प्रत्येक पट्टी पुन्हा तीन-चार ठिकाणी. पहिलीला शिफारशीचं पूर्ण नत्र, मातीआड. दुसरीला अर्धं. तिसरीला अर्धं आणि बाटली. चौथीला अर्धं आणि बाटलीत जेवढं नत्र आहे तेवढाच साधा युरिया पाण्यात विरघळवून. पाचवीला अर्धं आणि नुसतं पाणी. दोन हंगाम तीच जागा, त्याच पट्ट्या. कणसं मोजू नका, दाणा वाळवून तोला, आणि त्यातलं प्रथिनही तपासा. निकाल पंचायत समितीच्या फळ्यावर लावा. तिसऱ्या पट्टीत चौथी आणि पाचवीहून खरोखर जास्त मका निघाला, तर ही बाटली कुणाच्या गळ्यात मारावी लागणार नाही, हसनाबादचा शेतकरी पॉस मशीनवर अंगठा देऊन स्वतः रांगेत उभा राहील. तोवर दुकानदारानं गोणीचं बिल वेगळं आणि बाटलीचं वेगळं फाडावं, आणि गोणी घेणाऱ्यानं दुसरं बिल नाकारलं तर युरिया संपल्याचं त्याला सांगू नये.